टेम की हॅडनम? तीन मैलांचं अंतर आणि मधली काउंटीची रेघ

ऑक्सफर्डमध्ये नोकरी लागली, किंवा लंडनच्या ऑफिसात आठवड्यातून दोन-तीन दिवसच तोंड दाखवायचं आहे आणि लंडनच्या भाड्यात अंगण काही मिळत नाही, अशांच्या शोधयादीत टेम आणि हॅडनम ही नावं हमखास शेजारी-शेजारी येतात. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर तर ती एकत्रच आहेत : ‘हॅडनम अँड टेम पार्कवे’. त्यामुळे वस्ती एकच, नावं दोन, असा समज होतो. तो चुकीचा आहे. टेम ऑक्सफर्डशायरमध्ये, हॅडनम बकिंगहमशायरमध्ये. अंतर जेमतेम तीन मैल, पण तेवढ्यात काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, बदलते आणि तिच्याबरोबर शाळांची पद्धत, कौन्सिल, दवाखान्याची वाट सगळंच बदलतं. स्वयंपाकघर केवढं आणि बाग कुठे तोंड करून आहे ते नंतर बघा. आधी ती रेघ समजून घ्या.

उच्चाराचं आधी सांगून टाकू. स्पेलिंग बघून ‘थेम’ म्हणायचा मोह होतो, पण तिथली माणसं ‘टेम’ म्हणतात. ‘जेवायचा टेम झाला’ मधला टेम, अगदी तसाच. शेजारून वाहणाऱ्या नदीचंही नाव तेच. दुसऱ्या गावाचं नाव ‘हॅडनहॅम’ नव्हे, ‘हॅडनम’.

बाजाराचं गाव आणि पॅरिश म्हणजे काय

‘मार्केट टाउन’ हा शब्द घरांच्या जाहिरातींनी गुळगुळीत केला आहे. मुळात ती कायदेशीर गोष्ट. आठवड्याचा बाजार भरवायचा हक्क ज्या गावाला होता ते बाजाराचं गाव. तिथली जुनी मंडळी तो हक्क जिवापाड जपत, कारण बाजार म्हणजे कर आणि गर्दी. तेराव्या शतकातल्या कायदेपंडितांचा हिशेब असा : माणूस दिवसभरात २० मैल चालतो. दिवसाचा एक भाग जायला, एक भाग खरेदी-विक्रीला आणि एक भाग परतीला. म्हणून एका बाजारापासून वीसच्या तिसऱ्या हिश्शाच्या, म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत दुसरा बाजार भरला तर तो पहिल्याला उपद्रव. हॅडनम टेमपासून तीनच मैलांवर. तेराव्या शतकाच्या अखेरीस हॅडनमलाही बाजाराची सनद मिळाली होती, पण टेमच्या बाजाराला झळ लागते म्हणून काही वर्षांतच ती काढून घेण्यात आली. टेममध्ये दुकानांची रांग आहे आणि हॅडनममध्ये नाही, या आजच्या फरकाचं मूळ तिथपर्यंत जातं.

पॅरिश म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारा प्रकार : मैदानं, स्मशानभूमी, हिरवळी, बाकडी, बांधकाम अर्जांवर मत देणं. टेमला ‘टाउन कौन्सिल’ आणि हॅडनमला ‘पॅरिश कौन्सिल’ असली तरी कायद्याने अधिकार सारखेच. पॅरिश कौन्सिलला स्वतःला टाउन कौन्सिल म्हणवून घेण्याची मुभा आहे, मग अध्यक्षाऐवजी महापौर होतो. फरक खरा आहे तो वरच्या पायरीवर. टेमच्या डोक्यावर साउथ ऑक्सफर्डशायर डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि तिच्याही वर ऑक्सफर्डशायर काउंटी कौन्सिल : कचरा आणि बांधकाम परवाने डिस्ट्रिक्टकडे, शाळा आणि रस्ते काउंटीकडे. हॅडनमला १ एप्रिल २०२० पासून बकिंगहमशायर कौन्सिल ही एकच संस्था आहे. रस्त्यात खड्डा पडला किंवा कचरा उचलला गेला नाही, तर हॅडनमकर एकाच दारात जातो; टेमकराला आधी दार कोणतं ते ठरवावं लागतं. ऑक्सफर्डशायरची ही दुपदरी रचना मोडायच्या हालचाली सुरू आहेत. म्हणून खरेदीच्या वेळी कोणती सेवा कोणाकडे आहे ते वकिलाला नव्याने विचारा.

आकाराचा अंदाज हवा तर २०११ च्या जनगणनेत टेमची लोकसंख्या साडेअकरा हजारांच्या आसपास होती, हॅडनमची साडेचार हजार. नंतर दोन्हीकडे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. हॅडनम आता लहानसं खेडं राहिलेलं नाही, पण त्याने गावपण सोडलेलं नाही.

रेल्वे : नाव दोघांचं, स्टेशन एकाचं

टेमचं स्वतःचं स्टेशन होतं. प्रिन्सेस रिझबरोहून ऑक्सफर्डला जाणाऱ्या त्या फाट्यावरची प्रवासी वाहतूक १९६३ मध्ये बंद झाली. रूळ गेले आणि त्या वाटेवर आता फिनिक्स ट्रेल हा चालायचा-सायकलचा सपाट रस्ता आहे, टेमहून प्रिन्सेस रिझबरोकडे जाणारा. मुलांना सायकल शिकवायला याहून चांगली जागा त्या परिसरात नाही. पण रोजच्या लंडनच्या प्रवासाला तो उपयोगी नाही, कारण तो हॅडनमच्या स्टेशनकडे जात नाही.

आत्ताचं स्टेशन ऑक्टोबर १९८७ मध्ये उघडलं, हॅडनमच्या पश्चिम टोकाला. चिल्टर्न रेल्वेच्या गाड्या इथून लंडन मेरीलबोनला साधारण ४० ते ५० मिनिटांत पोचतात. दुसऱ्या बाजूला बिस्टर, बॅनबरी, बर्मिंगहम. आणि बिस्टर व्हिलेजमार्गे ऑक्सफर्ड. हॅडनमच्या बऱ्याच घरांतून स्टेशन पायी १० ते २५ मिनिटांवर. गावाच्या पूर्व टोकाला, चर्च एंड या जुन्या भागाच्या पलीकडे, घर घेतलं तर मात्र ‘स्टेशनचं गाव’ असूनही रोज अर्धा तास चालणं आलं. जाहिरातीत गावाचं नाव असतं, टोक नसतं. पूर्ण पोस्टकोड घालून अंतर मोजा.

टेमच्या मध्यातून स्टेशन अडीच-तीन मैल. पर्याय तीन : गाडी, बस, सायकल. गाडीने १० मिनिटांच्या आत पोचता येतं, पण पार्किंगचे पैसे रोजचे आणि ते ट्रेनच्या तिकिटावर चढतात. हिशेब मांडताना तिकीट आणि पार्किंग एकत्र धरा. टेममधलं घर भाड्याने थोडं स्वस्त दिसत असेल, तर आठवड्यातून चार दिवसांच्या पार्किंगमध्ये तो फरक विरून जाऊ शकतो. घरात दोघांनाही वेगवेगळ्या वेळी जायचं असेल तर दुसरी गाडी आली, तिचा विमा आला. भारतातून नव्याने आलेल्याला इथला गाडीचा विमा पहिल्या वर्षी चांगलाच चावतो, हे लक्षात असू द्या. ऑक्सफर्ड–टेम–हॅडनम–एल्सबरी (बकिंगहमशायरमधलं जवळचं मोठं शहर) अशी बस आहे, पण ती ट्रेनच्या वेळेशी जुळवून सोडलेली नाही. संध्याकाळी ट्रेन उशिरा आली की शेवटची सोयीची बस हातची जाते. सायकलचं म्हणाल, तर दोन्ही गावांना जोडणाऱ्या सुरक्षित सायकलवाटेची मागणी वर्षानुवर्षे आहे. ती प्रत्यक्षात कुठवर आली ते स्वतः सायकलवर जाऊन बघा, नकाशावरच्या तुटक रेषेवर विसंबू नका. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो आणि ए४१८ या हमरस्त्यावरून मालट्रक धावत असतात.

मेरीलबोनबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. गाड्यांची धाव जिथे संपते अशा लंडनमधल्या स्टेशनांपैकी हे छोटं स्टेशन, आणि भुयारी रेल्वेची एकच लाइन त्याच्या पोटाखाली आहे, बेकरलू. ऑफिस बेकर स्ट्रीट, ऑक्सफर्ड सर्कस, पॅडिंग्टनच्या बाजूला असेल तर स्वर्ग. सिटी (लंडनचा बँकांचा भाग) किंवा कॅनरी वॉर्फला असेल तर बेकर स्ट्रीटला किंवा पॅडिंग्टनला बदलून आणखी अर्धा तास धरा. ‘लंडन ४० मिनिटांत’ म्हणजे मेरीलबोनच्या फलाटापर्यंत ४० मिनिटांत.

आठवड्यातून दोन दिवसच जाणाऱ्यांनी वार्षिक पासाच्या नादी लागू नये. २८ दिवसांत कोणतेही ८ दिवस वापरायचा फ्लेक्सी पास २०२१ पासून मिळतो, तो आधी तपासावा. सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी सकाळी १० नंतर जायचं असेल तर नेटवर्क रेलकार्डने एक तृतीयांश सूट मिळते. गर्दीच्या वेळेला ते चालत नाही.

नोकरी ऑक्सफर्डला असेल तर गणित उलटं

ऑक्सफर्ड म्हटलं की लोक ट्रेनकडे बघतात. पण जॉन रॅडक्लिफ रुग्णालय आणि त्याच्या आसपासच्या वैद्यकीय संस्था शहराच्या मध्यात नाहीत, पूर्वेला हेडिंग्टनच्या टेकडीवर आहेत. टेमहून येणारी बस व्हीटलीवरून हेडिंग्टनमधूनच शहरात शिरते. म्हणजे रॅडक्लिफमधल्या डॉक्टर-नर्सने हॅडनमहून बिस्टरला वळसा घालत ट्रेनने ऑक्सफर्ड स्टेशन गाठायचं, आणि तिथून पुन्हा बसने उलट पूर्वेला टेकडी चढायची, यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी टेम. उलट स्टोक मँडव्हिल रुग्णालय एल्सबरीला आहे. तिथे नोकरी असेल तर हॅडनम जवळ. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला किंवा स्टेशनच्या आसपास काम असेल तरच ट्रेनचा विचार करावा.

गाडीने जाणाऱ्यांसाठी टेमजवळचा एम४० मोटरवेचा ७ क्रमांकाचा फाटा अर्धवट आहे. तिथून लंडनच्या दिशेनेच चढता येतं आणि लंडनहून येताना उतरता येतं. ऑक्सफर्ड-बर्मिंगहमकडे जायला तो कामाचा नाही, त्यासाठी ए४१८ ने पुढे ८ए गाठावा लागतो. हा फरक न कळल्यामुळे पहिल्या आठवड्यात चुकीच्या दिशेने मोटरवेला लागणारे असतात. रात्री-अपरात्री लंडनहून परतायचं असेल तर टेमच्या दक्षिणेला लूकनर इथे, ६ क्रमांकाच्या फाट्याशी, ऑक्सफर्ड ट्यूब नावाची कोच थांबते. ट्रेन नसताना ती असते. मात्र थांब्यापासून टेमपर्यंत कोणीतरी न्यायला यावं लागतं.

शाळा : खरा निर्णय इथे होतो

मूल नसेल किंवा विद्यापीठात असेल तर हा भाग सोडून द्या. मूल ४ ते १० वर्षांचं असेल तर बाकी सगळं सोडा आणि हाच वाचा.

बकिंगहमशायर ही इंग्लंडमधल्या मोजक्या काउंट्यांपैकी एक, जिथे ग्रामर स्कूलची, म्हणजे चाचणीने मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांची, पद्धत पूर्णपणे टिकून आहे. तिथल्या सहावीच्या (इयर सिक्स, वय साधारण १०) सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये, मुलांची निवड चाचणी होते : शब्दज्ञान-भाषा, गणित आणि आकृत्यांवरचा तर्क. गुण वयानुसार जुळवून दिले जातात आणि १२१ किंवा त्याहून जास्त मिळाले की मूल ग्रामर स्कूलला पात्र. हॅडनमकरांच्या दृष्टीने जवळच्या ग्रामर शाळा एल्सबरीत : मुलांची एल्सबरी ग्रामर, मुलींची एल्सबरी हाय, आणि एकत्र असलेली सर हेन्री फ्लॉइड. काउंटीतल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांची नोंदणी आपोआप होते. नको असेल तर तसं कळवावं लागतं. बाहेरच्या काउंटीतल्या पालकांना मात्र उन्हाळ्यापूर्वीच स्वतःहून नोंदणी करावी लागते.

टेममध्ये हे काही नाही. तिथे लॉर्ड विल्यम्स स्कूल : १५५९ साली लॉर्ड जॉन विल्यम्स यांच्या मृत्युपत्रातून निघालेली. राजा आणि पार्लमेंटच्या झगड्यात गाजलेले जॉन हॅम्पडन इथेच शिकले, आणि १६४३ मध्ये चाल्ग्रोव्हच्या लढाईत जखमी होऊन टेममध्येच वारले. आज ती सर्वांना खुली, निवडचाचणी नसलेली शाळा आहे, दोन हजारांहून अधिक मुलांची, दोन आवारांत विभागलेली. दहाव्या वर्षी मुलाच्या कपाळावर शिक्का मारायचा नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी टेम सरळ उत्तर आहे.

आपल्याकडचे पालक ‘ग्रामर’ शब्द ऐकूनच हॅडनमकडे धावतात. थांबा. ग्रामरची दुसरी बाजू अशी की चाचणीत १२१ न मिळालेल्या मुलाची शाळा वेगळी होते, आणि ती कोणती हे घर घेतानाच माहीत असायला हवं. भाऊ ग्रामरला आणि बहीण दुसरीकडे, असं एका घरात होतं. पुणे-मुंबईहून आलेल्या मुलांचं गणित सहसा पुढे असतं, अडतं ते भाषेत. चाचणीतले शब्द हे लहानपणापासून इंग्रजी गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाचे असतात. पाचवीच्या मध्यात इंग्लंडला आलेल्या मुलाला सहा महिन्यांत ते आणणं जड जातं. उशिरा आलेल्यांसाठीही चाचणीची सोय असते, पण तोवर शाळेतल्या जागा भरलेल्या असू शकतात. मूल पहिली-दुसरीत असताना आलात तर गोष्ट वेगळी.

टेममध्ये राहून बकिंगहमशायरची चाचणी देता येते का? येते. पण पात्र ठरलेल्यांत शाळेच्या परिघात (कॅचमेंट) राहणाऱ्यांना आधी जागा मिळते, बाहेरच्यांना उरल्या तर. उलट, हॅडनममध्ये राहून लॉर्ड विल्यम्सला अर्ज करता येतो आणि करणारे आहेतच, पण तिथेही प्रवेशाचा क्रम लागतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारं घर असं काही नसतं. त्या-त्या वर्षीचं प्रवेशधोरण उघडून आपला पोस्टकोड कोणत्या परिघात पडतो ते पाहा. एजंटच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

अर्जातली ठरलेली चूक : शाळा ज्या काउंटीत, तिथल्या कौन्सिलकडे अर्ज पाठवणं. अर्ज नेहमी आपण राहतो त्या कौन्सिलकडे जातो, शाळा कुठलीही असो. टेमकराने एल्सबरीची शाळा मागायची असेल तरी अर्ज ऑक्सफर्डशायरकडेच. माध्यमिकची मुदत ३१ ऑक्टोबर, निकाल १ मार्चला. प्राथमिकची मुदत १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा खरेदीचा पक्का झालेला करार लागतो. नुसतं ‘ऑफर मंजूर झाली’ चालत नाही, आणि इंग्लंडात ऑफर मंजूर होण्यापासून करार पक्का होईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. म्हणून ऑक्टोबरची मुदत गाठायची तर घराची ऑफर उन्हाळ्याच्या आधी द्यायला हवी.

प्राथमिकला टेममध्ये जॉन हॅम्पडन, बार्ली हिल आणि कॅथलिक सेंट जोसेफ्स या शाळा आहेत. जिथे इन्फंट आणि ज्युनियर शाळा वेगळ्या असतात, तिथे दुसरी संपल्यावर तिसरीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, शेजारच्या इमारतीत जायचं असलं तरी. हॅडनममध्ये शाळा बघायला गेलात की हा प्रश्न पहिला विचारा. एल्सबरीला जाणाऱ्या मुलाच्या बसचा खर्चही त्याच भेटीत विचारा. ८ वर्षांवरच्या मुलाला तीन मैलांपेक्षा दूरच्या शाळेसाठी फुकट वाहन मिळतं, पण ती शाळा ‘सर्वांत जवळची योग्य’ असावी लागते. आपण आवडीने निवडलेल्या दूरच्या शाळेला तो नियम लागत नाही.

दुकानं, दवाखाना, मंगळवार

यात टेम सरळ पुढे आहे. वेट्रोज आणि सेन्सबरीज ही सुपरमार्केटं, चष्म्याचं दुकान, जलतरण तलाव, नाटकाचा हौशी गट, संग्रहालय, सगळं चालत. हाय स्ट्रीट मधोमध पोटासारखी फुगलेली, होडीच्या आकाराची आहे. लिंकनच्या बिशपांनी मध्ययुगात बाजारासाठीच ती आखली आणि ऑक्सफर्डचा रस्ता मुद्दाम बाजारातून वळवला. दोन्ही बाजूंना अरुंद दर्शनाची घरं आणि मागे लांबच लांब पट्टे. मंगळवारी वरच्या हाय स्ट्रीटवर बाजार भरतो, आणि तो भरतो एरवी जिथे गाड्या लागतात त्या जागेत. दुकानावरच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर मंगळवारी पहाटे तंबूंच्या लोखंडी नळ्यांचा खणखणाट ठरलेला, आणि गाडी आदल्या रात्रीच हलवायची. सप्टेंबरमध्ये त्याच जागी जत्रा येते, पाळणे आणि दिवे थेट खिडकीसमोर. काहींना त्याच कारणासाठी ती जागा आवडते.

हॅडनममध्ये रोजच्या दुधा-ब्रेडपुरतं आहे : दुकानांची छोटी रांग, औषधांचं दुकान, पब, डॉक्टरांचा दवाखाना. आठवड्याच्या सामानाला टेम किंवा एल्सबरी. ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, पोहे दोन्हीकडे मनासारखे मिळत नाहीत. त्यासाठी ऑक्सफर्डचा काउली रोड किंवा एल्सबरीतली दुकानं, आणि सणाच्या आधी वेंब्लीचा ईलिंग रोड. चिल्टर्नच्या लाइनवर वेंब्ली स्टेडियम स्टेशन आहे, बहुतेक वेळा वाटेत एकदा गाडी बदलून. गणपतीला आणि नाटकांना लंडनच्या महाराष्ट्र मंडळात जाणाऱ्यांना ही लाइन बरी पडते : मेरीलबोनहून एक स्टेशन बेकर स्ट्रीट, तिथून ज्युबिली लाइनने डॉलिस हिल. १९३२ साली स्थापन झालेलं हे मंडळ तिथल्या डॉलिस हिल लेनवर आहे.

अपघात किंवा रात्रीचं दुखणं निघालं तर टेमहून ऑक्सफर्डचं जॉन रॅडक्लिफ, हॅडनमहून एल्सबरीचं स्टोक मँडव्हिल. गरोदरपण किंवा जुना आजार असेल तर दवाखाना कोणत्या रुग्णालयाकडे पाठवतो ते नाव नोंदवतानाच विचारून घ्या. काउंटीची रेघ इथेही आडवी येते.

कौन्सिल टॅक्स आणि नव्या वसाहती

कौन्सिल टॅक्स हा घरामागचा स्थानिक कर. त्यासाठीची घराची पायरी, ए ते एच, ठरते ती १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर. कालपरवा बांधलेलं घरसुद्धा ‘१९९१ मध्ये असतं तर’ अशा हिशेबाने बसवतात. त्यामुळे एकाच किमतीची दोन घरं वेगळ्या पायरीवर असू शकतात. टेमच्या बिलात काउंटी, डिस्ट्रिक्ट, टाउन कौन्सिल आणि पोलीस. हॅडनमच्या बिलात बकिंगहमशायर, पॅरिश, पोलीस आणि अग्निशमन वेगळं. पोलीस दोन्हीकडे एकच, टेम्स व्हॅली. ओळी मोजू नका, त्या पत्त्याचा एकूण आकडा विचारा.

टेमने २०१३ मध्येच स्वतःचा वस्ती-आराखडा मतदानाने मंजूर करून घेतला आणि नवी घरं गावाच्या कडांनी वाटून घेतली. हॅडनममध्ये बरीच नवी वस्ती जुन्या विमानतळाच्या बाजूला आहे. युद्धकाळात तिथे ग्लायडर उडवायचं प्रशिक्षण चालायचं, आणि गंमत म्हणजे हॅडनममधल्या त्या तळाचं हवाईदलातलं नाव ‘आरएएफ टेम’ होतं. ती बाजू स्टेशनला जवळ, पण रूळ आणि औद्योगिक वसाहतही जवळ.

नव्या वसाहतीत घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीचं, असलं तरी आतले रस्ते, दिवे, हिरवळी कौन्सिलने ताब्यात घेतलेल्या नसतील तर व्यवस्थापन कंपनी दरवर्षी वेगळी वर्गणी घेते. ती किती, कोण वाढवतं, त्यावर मर्यादा आहे का, हे वकिलाकडून लेखी मागा. टेममध्ये कटल ब्रूक ओढ्याच्या आणि नदीच्या बाजूला घर बघत असाल तर पुराचा सरकारी नकाशा उघडताना ‘नदी’ आणि ‘पृष्ठभागावरचं पाणी’ हे दोन्ही थर तपासा. दुसरा थर लोक विसरतात आणि बेसमेंट त्यानेच भरतं.

हॅडनमच्या पांढऱ्या भिंती

हॅडनमचं जुनं घर घ्यायचं असेल तर एक शब्द शिकून घ्या : विचर्ट. अर्थ ‘पांढरी माती’. गावाखाली वरच्या मातीच्या फूट-दीड फूट खाली चुनखडीमिश्रित फिकट चिकणमातीचा थर आहे. तो खणून, पाणी आणि गव्हाचा पेंढा घालून, तुडवून, साच्याशिवाय भिंती रचल्या जायच्या. मराठवाड्यातल्या पांढरीच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नवं वाटणार नाही. रचना थरांनी व्हायची. एक थर साधारण दीड फूट उंच, त्याला ‘बेरी’ म्हणतात. तो वाळेपर्यंत वरचा चढवायचा नाही. खाली दगडांचा पाया, ‘ग्रंपलिंग’. वर कौलं किंवा गवताचं छप्पर. घरंच नव्हेत, तर चर्च एंडपासून गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंची कुंपणंही अशीच, डोक्यावर कौलांची टोपी घातलेली.

ही भिंत कोरडी असेपर्यंत दगडासारखी असते. पाणी शिरलं की पुन्हा चिखल. म्हणून तिची दुखणी तीन ठिकाणी शोधायची. टोपी : कौल सरकलं असेल तर पाणी वरून भिंतीच्या पोटात उतरतं. पाया : रस्ता किंवा फुलांचा वाफा वर्षानुवर्षे चढत चढत ग्रंपलिंगच्या वर आला असेल तर माती थेट ओल ओढते. आणि सर्वांत घातक, सिमेंटचा गिलावा. विचर्टला श्वास घ्यावा लागतो, तिच्यावर चुन्याचाच गिलावा हवा. कोणी ‘पक्कं करून टाकलं’ म्हणून सिमेंट फासलं असेल तर आतली ओल बाहेर पडत नाही, वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि आत भिंत मऊ होत जाते. बोटाच्या पेरांनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. तळाशी पांढरी पूड साठली असेल किंवा मधे फुगवटा दिसत असेल तर किंमत ठरवण्याआधीच बोलायचं.

कुंपणाची भिंत कोणाची, हे करारपत्रात आहे का ते पाहा. दुरुस्ती मालकाच्या खिशातून होते आणि चुन्याचं काम जाणणारे गवंडी थोडेच. घर वारसायादीत (लिस्टेड) असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते. न घेता बदलणं फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल दुरुस्त करायची जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. गावाचा जुना भाग संरक्षित क्षेत्र आहे, तिथे बागेतलं जरा जाड झाड तोडायचं तरी कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. टेमच्या हाय स्ट्रीटच्या परिसरालाही हेच लागू, पण तिथे भिंती बहुधा विटांच्या आणि लाकडी सांगाड्याच्या.

बँक कर्जासाठी जी पाहणी करते ती बँकेसाठी असते, घेणाऱ्यासाठी नाही. विटांच्या नव्या घराला मधली, दुसऱ्या पातळीची पाहणी पुरते. विचर्ट असेल तर तिसऱ्या पातळीची पूर्ण पाहणी मागा, आणि सर्व्हेअरने आधी मातीच्या भिंती तपासल्या आहेत का हे फोनवरच विचारा. विम्याचा भाव ऑफर देण्याआधी घ्या. फॉर्ममध्ये ‘भिंती कशाच्या’ या रकान्यात वीट आणि दगड एवढेच पर्याय दिसले तर अंदाजाने ‘दगड’ निवडू नका. चुकीच्या माहितीवर घेतलेला विमा नेमका भिंत ढासळल्यावर उपयोगी पडत नाही. जुन्या घरांचा विमा करणाऱ्या कंपनीला फोन करा आणि ‘विचर्ट’ हाच शब्द लिहून घ्यायला सांगा.